पेशी जिवंत, माणूस अत्यवस्थ

पिवळ्याचा जांभळा झाला तर पेशी जिवंत. पिवळा तसाच राहिला तर मेली. पुण्यातल्या एका विषशास्त्र प्रयोगशाळेत एक संशोधक काम करते; तिच्या रोजच्या कामाचा गाभा एवढ्यात सांगता येतो. तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ९६ छोटे वेल, प्रत्येक वेलच्या तळाशी चिकटून वाढणाऱ्या सुमारे दहा हजार मानवी पेशी. त्यांच्यावर तपासायचं रसायन चढत्या प्रमाणात घालायचं, प्लेट पुन्हा ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची आणि एक ते तीन दिवसांनी रंग बघायचा.

ती मूळची यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातली. घरी कापूस आणि तूर. वडिलांच्या वावरात फवारणीच्या दिवसांत पाणी वाहून नेण्याचं काम तिनं शाळेत असताना केलेलं. पुढं जैवतंत्रज्ञान शिकून ती पुण्याला आली आणि उद्योगांसाठी रसायनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू झाली. रंगांचे मध्यवर्ती घटक, साफसफाईच्या द्रवांतले फेस आणणारे पदार्थ, प्लास्टिकमध्ये मिसळले जाणारे मृदुकारक, चिकटद्रव्यांतली द्रावकं, आणि मधूनमधून कीटकनाशकं. बाटलीवर नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. आतलं रसायन काय आहे हे ठाऊक नसताना ते पेशींचं काय करतं हे सांगायचं, अशी कामाची रीत.

या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो पेशी सांभाळण्यात. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशीवंश पुरवणारं मोठं भांडार पुण्यातच आहे, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. तिथून येणारी कुपी गोठवलेली असते. ती पटकन वितळवायची, ताज्या मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रावात, घ्यायची, दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलायचं, फ्लास्कचा तळ भरत आला की ट्रिप्सिन या विकरानं पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये विभागायच्या. यकृतासाठी हेपजी2, फुप्फुसासाठी ए549, त्वचेसाठी हाकॅट, चेतापेशींसाठी एसएच-एसवाय5वाय. यांतल्या बऱ्याच पेशी कधी काळी कुणाच्या तरी गाठीतून काढलेल्या आहेत. माणसाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढवता येतात हे १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय यांनी दाखवलं, ते हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, आणि तेही तिला न विचारता. प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना ती हा इतिहास आवर्जून सांगते. प्लेटमध्ये जे आहे ते माणसाकडून आलेलं आहे, हे हाताला माहीत असलं पाहिजे असं तिला वाटतं.

रंगाची चाचणी टिम मॉसमन यांची, १९८३ ची. एमटीटी नावाचं पिवळं रसायन जिवंत पेशीत शिरलं की तिची विकरं त्याचे जांभळे स्फटिक करतात. त्यात पेशीच्या ऊर्जाकेंद्रांचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचा, मोठा वाटा असतो. स्फटिक विरघळवून प्रकाश किती शोषला जातो ते यंत्रावर मोजलं की किती पेशी तगल्या याचा आकडा मिळतो. निम्म्या पेशी ज्या प्रमाणाला निकामी होतात ते प्रमाण अहवालात जातं. ग्राहकाला बहुधा तेवढंच हवं असतं.

हा एक आकडा मागायची सवय जुनी आहे. १९२७ मध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी औषधांची ताकद ठरवण्यासाठी निम्मे प्राणी दगावतील ती मात्रा मोजायची पद्धत आणली आणि पुढं जगभर सगळ्याच रसायनांना ती लागली. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांचा वापर टाळा, कमी करा, सौम्य करा असं मांडलं, तेव्हापासून पेशींकडं पर्याय म्हणून पाहिलं जाऊ लागलं. उंदरांना कितीपासून सुरुवात करावी याचा अंदाज पेशींवरून कसा बांधावा, याचं मार्गदर्शन विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेनं २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. ती या कामात आली ती याच विश्वासानं: कमी प्राणी मारून, माणसाच्याच पेशींवर, लवकर उत्तर मिळावं.

तो विश्वास आजही टिकून आहे. मात्र २०१७ च्या पावसाळ्यानंतर तिचे प्रश्न बदलले.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं एकामागून एक आजारी पडू लागली. उलट्या, घाम, छातीत दाटणं, डोळ्यांपुढं अंधारी. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरल्या. शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण गेले. त्यांतले बरेच मजूर होते. रोजी घेऊन दुसऱ्याच्या वावरात पंप चालवणारे. त्या हंगामात कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, तिच्यात दाटी झाली होती आणि किडींचा जोर होता. फवारा खालून वर मारावा लागत होता आणि तो तोंडावर, मानेवर परत येत होता. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. नोव्हेंबरात यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी आली: प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचं मिश्रण, असिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस.

तिच्या गावातलेही काही जण यवतमाळला दाखल होते. एक शेजारी परत आला, पण कित्येक दिवस त्याला नीट दिसत नव्हतं. ती गावी गेली तेव्हा चर्चा एकाच वळणाची होती. तोंडाला रुमाल बांधला नाही, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, हातमोजे घातले नाहीत. माणसं गेली ती स्वतःच्या निष्काळजीपणानं, असं शहाण्यासुरत्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. तिला त्याचा संताप आला. पण संताप घेऊन प्रयोगशाळेत काही करता येत नाही. त्या यादीतली रसायनं मात्र तिच्या ओळखीची होती. तिनं परवानगी मागितली आणि ठरलेल्या कामाबाहेर ती तपासायला घेतली.

पहिला धक्का प्रोफेनोफॉसनं दिला. तसा धक्का बसायचं कारण नव्हतं, कारण पाठ्यपुस्तकात ते लिहिलेलं असतं. पण प्लेटमध्ये डोळ्यांनी बघणं वेगळं. ज्या प्रमाणात हे रसायन माणसाला अतिदक्षता विभागात पोहोचवू शकतं, त्या प्रमाणात एमटीटीची प्लेट जांभळीच्या जांभळी राहते. पेशी ठणठणीत. फक्त हा आकडा पाहणारा म्हणेल, काही झालेलं नाही.

झालेलं असतं ते दुसरीकडंच. प्रोफेनोफॉस, असिफेट, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातली रसायनं अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला बांधून टाकतात. चेतातंतूनं स्नायूला दिलेला निरोप पोहोचला की तो पुसायचं काम या विकराचं. ते बंद पडलं की निरोप पुसला जात नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी सुरू होतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसांत स्राव साचतो, स्नायू आधी थरथरतात आणि मग ढिले पडतात. श्वासाचे स्नायू ढिले पडले की माणूस जातो. या सगळ्या काळात त्याच्या यकृताच्या, त्वचेच्या, फुप्फुसाच्या पेशी एकेकट्या पाहिल्या तर जिवंतच असतात. मरतो तो त्यांच्यातला व्यवहार, आणि ९६ वेलच्या प्लेटमध्ये असा व्यवहार मुळात नसतोच.

म्हणून प्रश्न बदलावा लागतो. पेशी मेली का, असं न विचारता विकर किती उरलं, असं विचारायचं. त्याचीही रंगाचीच चाचणी आहे, १९६१ ची, जॉर्ज एलमन यांची. चेतापेशींचा अर्क किंवा रक्तातल्या लाल पेशी घ्यायच्या, विकराला त्याच्या आवडीचा पदार्थ द्यायचा. तो तुटला की द्रावण पिवळं होतं. जितकं पिवळं तितकं विकर शाबूत. हीच चाचणी तिनं एसएच-एसवाय5वाय पेशींवर लावली तेव्हा जांभळ्या प्लेटनं लपवलेली गोष्ट समोर आली. पेशी मरायच्या कितीतरी आधी पिवळा रंग उतरत होता.

यादीतलं डायफेन्थियुरॉन आणखी वेगळं निघालं. ते एस्टरेजच्या वाटेला जात नाही. सूर्यप्रकाशात किंवा शरीरात त्याचं कार्बोडायइमाइड होतं आणि ते मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेवरच बसतं. युरोपीय संघात २००२ पासून त्याला परवानगी नाही. यवतमाळच्या घटनांबद्दल एक बचावलेला शेतकरी आणि मृतांच्या पत्नी यांनी २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथं उत्पादक कंपनीविरुद्ध दाद मागितली, ती याच रसायनावरून. कंपनीनं जबाबदारी नाकारली.

मायटोकॉन्ड्रियावर घाव घालणारं रसायन एमटीटीत लगेच दिसावं. पण तिथंही एक अडसर आहे, आणि तो पेशींच्या खाण्यात आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशी भरपूर ग्लुकोजच्या मीडियममध्ये असतात. साखर इतकी की मायटोकॉन्ड्रिया नीट चालले नाहीत तरी नुसती साखर फोडून त्या तग धरतात. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिलं की त्यांना ऊर्जेसाठी मायटोकॉन्ड्रियावरच अवलंबून राहावं लागतं आणि मग तेच रसायन कमी प्रमाणातही पेशींना झोपवतं. औषध कंपन्या नव्या गोळ्यांची अशी दुहेरी तपासणी बऱ्याच वर्षांपासून करतात. ती आता कोणतंही शेतीरसायन हाती आलं की दोन मीडियमच्या प्लेटा शेजारी-शेजारी लावते. दिवसभर उपाशीपोटी फवारणी करणाऱ्या माणसाच्या पेशींना ग्लुकोजनं तुडुंब भरलेलं मीडियम मिळत नाही, एवढं तिनं सहकाऱ्यांना सांगितलं. त्यावर वाद झाला नाही.

प्रोफेनोफॉस आणि डायफेन्थियुरॉन यांच्यातला फरक रुग्णालयात जिवाशी येतो. ऑर्गेनोफॉस्फेटच्या विषबाधेवर अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम ही औषधं आहेत. पहिलं स्राव आटवतं. दुसरं विकराला वेळेत सोडवतं, वेळ टळली तर तेही जमत नाही. पण डायफेन्थियुरॉनवर अॅट्रोपिनचा उपयोग नाही. फिप्रोनिल मेंदूतल्या क्लोराइडच्या वाटा अडवतं, सायपरमेथ्रिन सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, इमिडाक्लोप्रिड निकोटिनच्या ग्राहींवर बसतं. पाच बाटल्यांच्या यादीत पाच तऱ्हांचे घाव आहेत. दारात आलेल्या रुग्णाला नेमकं काय लागलं आहे हे डॉक्टरला सांगणारी चिठ्ठी कुणाजवळ नसते, आणि बहुतेक वेळा बाटलीही सोबत आणलेली नसते.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र प्रयोगशाळेतून आलाच नाही. तो गावातल्या तिच्या काकांनी विचारला, धुऱ्यावर बसून, पुढच्या हंगामाच्या तोंडावर.

“आमी कंधीच एकच औषध नाई मारत. अळीचं, मव्याचं, वरून टॉनिक. एका फेऱ्यात सारं उरकते. मले सांग, तीनी संगं टाकले त काय होते?”

तिच्याकडं उत्तर नव्हतं, कारण बाटल्या सुट्या येतात आणि अहवालही सुटे जातात. कृषी केंद्रातून उधारीवर जे मिळतं, दुकानदार जे सुचवतो, ते एका पंपात जातं. मोजमाप झाकणानं. “तुमी पिपेटनं मोजता, आमी झाकणानं,” काका म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती, माहिती होती. झाकणं कंपनीगणिक लहानमोठी असतात. पंधरा-सोळा लिटरच्या हातपंपासाठी लिहिलेलं प्रमाण चार्जिंगच्या किंवा पेट्रोलच्या पंपालाही लावलं जातं. त्या पंपाचे थेंब बारीक, धुकं दाट, आणि एकरी पाणी कमी.

मिश्रणाचं विषशास्त्र हे नुसती बेरीज नसतं. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचंच घ्या. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड सस्तन प्राण्यांना तुलनेनं कमी बाधतात, कारण यकृतातली कार्बॉक्सिलएस्टरेज विकरं त्यांना तोडून टाकतात. ऑर्गेनोफॉस्फेट नेमकी हीच विकरं बंद करतात. एकानं राखणदाराला बांधून ठेवायचं आणि दुसऱ्यानं घरात शिरायचं, असा तो मामला. अळी मारायला हे मिश्रण प्रभावी ठरतं ते काही अंशी याच कारणानं, आणि अळीत व माणसात ही विकरं बरीचशी सारखी काम करतात. त्यात भर बाटलीतल्या इतर घटकांची. दुकानातल्या ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायच्या तेलकट द्रावणाच्या, बाटलीत कीटकनाशकाबरोबर झायलीनसारखी द्रावकं आणि पाण्यात दूध होण्यासाठी घातलेले पायसकारक असतात. हे घटक पेशींच्या आवरणाला भिडतात आणि मुख्य रसायनाला आत जायला वाट करून देतात. शुद्ध रसायनाचा अहवाल आणि दुकानातल्या बाटलीचा अहवाल म्हणूनच जुळत नाहीत. तिच्याकडं तपासायला यायचं ते बहुतेकदा शुद्ध रसायन.

मग तिनं बाजारातल्या बाटल्याच प्लेटवर आणल्या. एकेकट्या, मग जोडीनं, मग तिघी मिळून. दोन रसायनं एकमेकांना बळ देतात की नुसती बेरीज होते, हे मोजायची गणितं उपलब्ध आहेत. चाऊ आणि तालाले यांची १९८४ ची पद्धत सगळ्यात वापरातली. यकृताच्या पेशी वापरताना आणखी एक काळजी. हेपजी2 पेशींत रसायनांची तोडफोड करणारी विकरं फार कमी असतात. क्लोरपायरिफॉससारखं रसायन शरीरात गेल्यावर यकृतात बदलतं आणि तेव्हा कुठं जहाल होतं. हेपजी2च्या प्लेटमध्ये ते सौम्यच राहतं. त्यासाठी यकृताचा अर्क सोबत द्यावा लागतो. मीडियममधलं वासराचं सीरमही निष्पाप नसतं. त्यातली प्रथिनं रसायनाला धरून ठेवतात, म्हणून सीरम किती घातलं यावर निकाल सरकतो. अहवालाच्या पहिल्या पानावरचा आकडा अशा अनेक निवडींवर उभा असतो.

आणि त्वचा. प्रयोगशाळेत रसायन थेट पेशीवर पडतं, शेतात ते कातडीतून जातं. १९७१ मध्ये मायबॅक आणि फेल्डमन यांच्या गटानं माणसांच्या वेगवेगळ्या अंगावर पॅराथियॉन लावून किती आत जातं ते मोजलं होतं. पुढच्या हातावरून लावलेल्यापैकी साडेआठ टक्क्यांच्या आसपास, पोटावरून सुमारे १८ टक्के, कपाळावरून ३६, काखेतून ६४, आणि अंडकोषाच्या त्वचेतून जवळपास सगळंच. तिनं हा तक्ता गावातल्या फवारणीवाल्यांना दाखवला तेव्हा सगळे गप्प झाले. पाठीवरचा पंप झाकणाशी गळतो. गळलेलं पाठीवरून कंबरेत, कंबरेवरून पायजम्यात उतरतं आणि दिवसभर ओलं राहतं. तोंडाच्या रुमालाबद्दल सगळे बोलतात. ओल्या पायजम्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. भादव्याच्या उकाड्यात घामानं भिजलेली कातडी आणखीच घेते. प्लास्टिकचा अंगभर पोशाख घालून त्या उकाड्यात दोन तासही काढता येत नाहीत, हे तिनं स्वतः घालून पाहिलं आहे.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण यातलं फारसं सांगत नाही. भारतात कीटकनाशकांचा कायदा आला तो १९६८ मध्ये. त्याच्या मागं १९५८ ची केरळ आणि मद्रासमधली घटना होती. पॅराथियॉन सांडलेलं अन्न खाऊन तेव्हा शंभरावर माणसं गेली होती. कायद्याखालच्या नियमांत चार रंग ठरले. लाल म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या तोंडावाटे दिलेल्या मात्रेत निम्मे उंदीर मरतात, पिवळा ५०० पर्यंत, निळा ५००० पर्यंत, त्यापुढं हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्या एकाच मात्रेसाठीही नियमांत आकडे आहेत. पण फवारणी करणारा मजूर विष एका मात्रेत घेत नाही. तो ते अंगावर घेतो, श्वासातून घेतो, थोडं-थोडं, सलग आठ-दहा दिवस, आणि एका वेळी दोन-तीन जातींचं. निळ्या त्रिकोणाच्या दोन बाटल्या एका पंपात पडल्या की त्या पंपाचा रंग कोणता, याला नियमांत उत्तर नाही.

लाल त्रिकोणाचं मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई होती, कापसावर ते चालूच राहिलं. त्याचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करायचा केंद्राचा निर्णय २०२३ मध्ये आला.

हे सगळं पाहिल्यावर तिनं पेशींवरचा विश्वास सोडला असेल असं कुणाला वाटेल. उलट झालं. प्रोफेनोफॉसच्या जांभळ्या प्लेटनं तिला शिकवलं की माणसात काय मोजायचं ते पेशीच दाखवून देते, प्रश्न नीट विचारला तर. एलमनच्या चाचणीत जे विकर मावळताना दिसलं, तेच विकर बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताच्या थेंबातही मोजता येतं. माणूस कोसळायच्या बरंच आधी ते उतरू लागतं. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ऑर्गेनोफॉस्फेट हाताळणाऱ्या शेतमजुरांची हंगामाआधी ही तपासणी होते आणि हंगामात पुन्हा होत राहते. लाल पेशींतलं विकर स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली आलं की मालकाला त्या मजुराला फवारणीवरून उतरवावंच लागतं. माणसामाणसांत ही पातळी वेगवेगळी असल्यानं हंगामाआधीचा स्वतःचा आकडा हवा. आजारी पडल्यावर काढलेला एकटा आकडा फारसं बोलत नाही. चाचणीची रसायनं महाग नाहीत. यंत्र लहान आहे. वीज आणि शीतकपाट असलेल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बसू शकते.

ती हे मांडत राहते; वैद्यकीय बैठकांत, कृषी विभागाच्या मेळाव्यांत, जिथं बोलावलं तिथं. लोक माना डोलावतात. मग विचारतात की मजुराची तपासणी करायची कुणी, पैसे द्यायचे कुणी, आणि आकडा कमी आला तर त्याची बुडालेली रोजी भरून द्यायची कुणी. शेवटचा प्रश्न तिला सगळ्यात खरा वाटतो. रोजीची सोय नसेल तर कुठलाही मजूर बोट पुढं करणार नाही, आणि का करावं त्यानं? रोजगार हमीचा कायदा ज्या राज्यानं देशाच्या आधी केला, त्या राज्यात आठवडाभर फवारणीऐवजी दुसरं काम देणं अशक्य नसावं, असं ती म्हणते, आणि हे म्हणताना तिचा आवाज चढतो.

तोवर गावातल्या काही फवारणीवाल्यांनी तिच्या सांगण्यावरून एक वही सुरू केली आहे. शाळेची दोनशे पानी वही, पाच रकाने: तारीख, कोणकोणतं औषध आणि किती झाकणं, कोणता पंप आणि किती फेऱ्या, आधी काही खाल्लं होतं का, रात्री काय वाटलं. शेवटचा रकाना आधी रिकामा असायचा. आता त्यात डोळे चुरचुरले, हात मुंग्यावले, जेवण गेलं नाही, असं येऊ लागलं आहे. दुकानातून आणलेल्या प्रत्येक बाटलीचं लेबल त्याच पानावर डकवायचं, आणि कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर वही सोबत न्यायची, हा नियम त्यांनी स्वतःच घातला.

यंदाच्या प्लेटा या वहीवरून आखल्या आहेत. वहीत सगळ्यात जास्त वेळा एकत्र आलेल्या तीन जोड्या तिनं निवडल्या. प्रमाण लेबलावरचं नाही, झाकणांवरून काढलेलं. एक रांग ग्लुकोजची, एक गॅलॅक्टोजची. एकदाच दिलेला डोस एकीकडं, तेच प्रमाण आठ दिवसांत वाटून दिलेलं दुसरीकडं. आणि प्रत्येक प्लेटसोबत एलमनची पिवळी चाचणी. पहिली जोडी असिफेट आणि इमिडाक्लोप्रिडची आहे. पेशी शुक्रवारी विभागल्या, सोमवारी रसायन घालायचं आहे, आणि आकडे हाती आले की ते पोळ्याच्या आधी, फवारणी ऐन भरात यायच्या आत, गावात वाचून दाखवायचं काकांना कबूल केलं आहे.